अठरा आटे

पहाटे साडेचारला आमच्या सोसायटीचा वॉचमन खालच्या टाकीचं झाकण सरकवतो आणि वेळूची काठी आत सोडतो. काठीवर चाकूने पाडलेल्या खुणा आहेत. ओल दुसऱ्या खुणेपर्यंत आली तर मोटार अर्धा तास चालते. त्याच्या खाली असली, की फळ्यावर खडूने ‘पाणी जपून वापरा’. गेल्या मे महिन्यात तो फळा पुसायची वेळच आली नाही. म्हणून एकदा मी पाणी सोडणाऱ्याबरोबरच निघालो.

त्याची चावी म्हणजे खांद्याला लागेल एवढी लोखंडी सळई, खाली चौकोनी खोबण, वर आडवी मूठ. रस्त्याकडेच्या चेंबरचं झाकण त्याने पहारीने उचललं. आत गाळ आणि एक बेडूक. चावी न बघता जागेवर बसवली आणि तो तोंडातल्या तोंडात मोजत फिरवू लागला. “अठरा आटे. पहिले चार हळू. एकदम सोडलं तर आतली हवा पाइप फोडते.” मग चावीच्या मुठीला त्याने कान लावला, मलाही लावायला सांगितला. आधी नुसता फुसफुसाट, मग लांबून मालगाडी यावी तशी घरघर. आलं.

हे पाणी येतं कुठून, हे पनवेलमध्ये तुम्ही राहता कुठे त्यावर ठरतं. खारघरला सिडकोचं हेटवणे धरणातलं, म्हणजे पेण तालुक्यातलं. कामोठ्याला नवी मुंबईच्या मोरबे धरणातलं. जुन्या शहराला नगरपालिकेच्या काळापासूनचं देहरंग धरण आणि जोडीला जीवन प्राधिकरणाचं, पाताळगंगेवरून भोकरपाड्यात शुद्ध होऊन येणारं. या पाताळगंगेची गंमत अशी, की उन्हाळ्यातला तिचा प्रवाह खोपोलीला टाटांच्या वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यावर चालतो. १९१५ पासून लोणावळ्याकडची तळी घाटाखाली उतरून जनित्रं फिरवतात आणि उरलेलं पाणी नदीला मिळतं. तिकडे वीजनिर्मिती कमी झाली, की इकडे उपसा अडतो. आमच्या नळाला येण्याआधी पाण्याला विजेचा धंदा आटपावा लागतो.

देहरंगचं दुखणं वेगळं. गाढी नदीवरचं हे धरण माथेरानच्या डोंगराखाली आहे, पावसाला तिथे तोटा नाही. जुलैत सांडव्यावरून पाणी धो धो वाहतं. पण साठवणच छोटी, त्यात गाळ. मार्च-एप्रिलमध्ये मी पाहिलं तेव्हा काठाला भेगाळलेली जमीन होती आणि मधल्या डबक्यात बगळे.

१८५२ सालची नगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ ला महापालिका झाली. सिडकोच्या वसाहती आणि २९ गावं एका हद्दीत आली, जलवाहिन्या मात्र ज्याच्या त्याच्याच राहिल्या. एका चौकात नळ गळतो आणि पलीकडच्या चौकात टँकरपुढे हंड्यांची रांग, हे इथे रोजचं. वडाळे, कृष्णाळे, विश्राळे ही तलावांची नावं मिरवणाऱ्या गावात हे जरा लागतं.

नवीन पाणी येणार, असं मी पाणी सोडणाऱ्याला सांगितलं. न्हावा-शेवा योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात रोज २२८ दशलक्ष लिटर धरलं आहे, त्यातलं १०० महापालिकेचं. तो म्हणाला, “येऊ दे. पण टोकाच्या चाळीपर्यंत जाईल का? मधले लोक लाइनीलाच मोटार लावतात. ती खेचते, पुढच्यांकडे हवा जाते.” कुठे मोटार आहे हे त्याला मुठीच्या थरथरीवरून कळतं म्हणे. मला काही कळलं नाही.

सव्वासहाला त्याने व्हॉल्व बंद केला. मी मोजत होतो. सतरा. “अठरावा बसत नाही, आतली चकती झिजली,” म्हणत त्याने झाकण ओढलं. उताराच्या तळाशी, चहाच्या टपरीमागे, जमिनीलगतच्या नळाखाली कुणीतरी निळा ड्रम लावून ठेवला होता. त्यात करंगळीएवढी धार पडत होती.