एक जूनचा वाढदिवस

पेन्शनच्या कागदांवर आम्हां बँकवाल्यांना १ जून ही जन्मतारीख वारंवार दिसते. पूर्वी खेड्यापाड्यांत जन्माची नोंद क्वचितच होई. जूनमध्ये शाळेत नाव घालताना गुरुजी अंदाजे वर्ष धरून हीच तारीख लिहीत.

अशा सर्व वडीलधाऱ्यांचा वाढदिवस १ जूनला एकत्र साजरा करावा. केकशेजारी एक कोरी वही ठेवावी. १९७२ च्या दुष्काळात ते केवढे होते, शाळेत कोणी घातले, पहिला पगार कशावर खर्चला, हे विद्यार्थ्यांनी विचारून लिहून घ्यावे. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या आजीला आपली तारीख स्वतः निवडू द्यावी.

ही वही पुढच्या पिढीसाठी जपावी. सांगणारी माणसे आहेत तोवरच ती भरता येईल.