नवी खिडकी कोणाच्या ताब्यात?

संगणकाच्या पडद्यावरील चौकटीला आपण मराठीत खिडकी म्हणतो, कन्नडमध्ये किटकी. शब्द शेजारचे, आणि अडचणही दोन्ही भाषकांची एकच. हल्ली हिशेबाच्या प्रोग्रॅममध्येच बँकेची किंवा करभरणीची पाने उघडतात, कारण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने त्यात एक छोटा ब्राउझर बसविलेला असतो. त्या पानावरील दुव्याने नवी खिडकी मागितली, तर ती उघडायची कोणी? वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. माझे उत्तर सरळ आहे : त्या खिडकीतून पैसे जातात.

रविवार पेठेतील एका घाऊक दुकानात मी सुटीत जमाखर्च पाहत असे. तेथील प्रोग्रॅममध्ये 'पैसे भरा' हे बटण दाबले की पुढचे पान बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडे आणि पुन्हा लॉगिन मागे. पैसे भरले तरी प्रोग्रॅम ते बिल 'बाकी'च दाखवी. असे का व्हावे, याचा शोध घेताना जे समजले ते येथे मांडतो.

पान लिहिणारा नवी खिडकी मुख्यतः दोन प्रकारे मागतो : दुव्याला 'टार्गेट ब्लँक' जोडून, किंवा जावास्क्रिप्टमधील 'विंडो डॉट ओपन' या आज्ञेने. नेहमीचा ब्राउझर लगेच नवा टॅब उघडतो. प्रोग्रॅममध्ये बसविलेल्या ब्राउझरला स्वतःचे टॅब नसतात; म्हणून तो यजमान प्रोग्रॅमकडे विचारणा करतो.

डॉट नेटच्या दुसऱ्या आवृत्तीत, २००५ साली, आलेला 'वेबब्राउझर' हा भाग इंटरनेट एक्सप्लोररवर चाले. त्याची 'न्यू विंडो' ही सूचना येई खरी, पण कोणता पत्ता उघडायचा हे ती सांगत नसे. यजमान गप्प राहिला तर एक्सप्लोररची वेगळी खिडकी उघडे. विंडोज १० वरील इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. त्याआधीच, २०२० साली, मायक्रोसॉफ्टने एजच्या इंजिनावरील 'वेबव्ह्यू २' दिला होता. त्याची 'न्यू विंडो रिक्वेस्टेड' ही सूचना पत्ताही देते, आणि मागणी माणसाच्या टिचकीने झाली की पानाने परस्पर केली, हेही सांगते. परस्पर आलेल्या जाहिराती येथेच अडविता येतात.

आता यजमानापुढे तीन वाटा असतात. पहिली, तो पत्ता बाहेरच्या ब्राउझरकडे देणे. पण आतल्या ब्राउझरचे लॉगिन बाहेर चालत नाही. वर सांगितलेला घोटाळा याच वाटेचा. दुसरी, त्याच चौकटीत नवे पान आणणे. यात आधीचा अर्धा भरलेला फॉर्म जातो. शिवाय नुसता पत्ता उघडल्यास फॉर्मबरोबर 'पोस्ट' पद्धतीने पाठविलेली माहिती मागेच राहते. म्हणजे पाकिटावरचा पत्ता घ्यायचा आणि आतले पत्र टाकून द्यायचे!

तिसरी वाट थोडी कष्टाची, पण खरी. प्रोग्रॅमने स्वतःची दुसरी चौकट तयार करायची, त्याच वातावरणातला नवा वेबव्ह्यू तिच्यात ठेवायचा आणि तो सूचनेतील 'न्यू विंडो' या जागी द्यायचा. तो तयार व्हायला क्षणभर लागतो, म्हणून आधी 'डिफरल' ही मुदत मागून घ्यावी आणि काम झाल्यावर ती न विसरता पुरी करावी. नव्या वेबव्ह्यूला पत्ता आपण द्यायचा नाही. इंजिन तो स्वतः उघडते. यामुळे लॉगिन टिकते, पाठविलेली माहिती पोहोचते आणि 'विंडो डॉट ओपन'ने उघडलेले पान मूळ पानाला निरोप देऊ शकते. शेवटी पानाने 'आता बंद करा' असे कळविले की ती चौकट बंद करणेही यजमानाचेच काम.

एक गोष्ट मात्र राहून जाता कामा नये. अशा चौकटीला पत्त्याची पट्टी नसते. पैसे भरणाऱ्याला आपण खऱ्या बँकेच्या दारात आहोत की भलत्याच्या, हे कळायला मार्ग नसतो. म्हणून चौकटीच्या माथ्यावर पत्ता दाखविलाच पाहिजे. दुकानदार पावतीवर आपले नाव छापतो ते शोभेसाठी नव्हे. पैसे कोणाला दिले हे गिऱ्हाइकाला कळावे म्हणून. खिडकीचाही न्याय तोच.