पत्रात्मक लघुकादंबरीचे सहवाचन : ‘अ‍ॅड्रेस अननोन’मधील मैत्री, मौन आणि सूड

बीजसंज्ञा : पत्रात्मक कादंबरी, नाझीवाद, मैत्री, सेन्सॉर, सहवाचन

प्रस्तावना :

पत्रात्मक कादंबरी हा प्रकार युरोपात अठराव्या शतकात विशेष रूढ झाला. रिचर्डसन यांची ‘पामेला’ (१७४०) आणि गटे यांची ‘वेर्थर’ (१७७४) ही त्याची ठळक उदाहरणे होत. या प्रकारात पात्रांविषयी मत देणारा निवेदक सहसा नसतो. पात्रे आपापली बाजू स्वतःच्या हाताने लिहितात आणि दोन पत्रांच्या मध्ये काय घडले असेल, हे वाचकाला जुळवावे लागते. अमेरिकन लेखिका कॅथरिन क्रेसमन टेलर (१९०३–१९९६) यांची ‘अ‍ॅड्रेस अननोन’ ही लघुकादंबरी याच परंपरेतील आहे. साधारण तासाभरात वाचून होणाऱ्या या कृतीत नाझी राजवटीच्या आरंभकाळातील एका मैत्रीचा अंत चित्रित झाला आहे. एकट्याने वाचताना ही कथा चतुर सूडाची वाटते. अनेकांनी मिळून वाचली असता मात्र ती वाचकाच्या स्वतःच्या न्यायबुद्धीची परीक्षा ठरते. प्रस्तुत लेखात हे विधान स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रकाशनाची पार्श्वभूमी :

ही कथा प्रथम ‘स्टोरी’ या अमेरिकन मासिकाच्या सप्टेंबर १९३८ च्या अंकात प्रसिद्ध झाली. स्त्रीच्या नावाने प्रसिद्ध करण्यासाठी ती फार जहाल आहे, असे ठरल्याने लेखिकेचे पहिले नाव गाळून केवळ ‘क्रेसमन टेलर’ असे नाव छापण्यात आले. अंक अल्पावधीत संपला आणि उत्साही वाचकांनी कथेच्या चक्रमुद्रित प्रती काढून मित्रांना पाठवल्या, अशी हकिकत तिच्या पुनर्मुद्रणाच्या निमित्ताने नमूद झाली आहे. १९३९ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. म्हणजे या कृतीच्या प्रसाराचा आरंभच वाचकाने वाचकाकडे ती सोपवण्यातून झाला.

येथे कालक्रम लक्षात घेणे आवश्यक आहे. कथा प्रसिद्ध झाली तेव्हा ९–१० नोव्हेंबर १९३८ च्या रात्रीचे ज्यूविरोधी हिंसासत्र घडावयाचे होते आणि महायुद्धास एक वर्ष अवकाश होता. पुढे ही कृती बरीच विस्मरणात गेली. १९९५ मध्ये, छळछावण्यांच्या मुक्ततेला पन्नास वर्षे झाल्याच्या निमित्ताने, तिचे पुनर्मुद्रण झाले. १९९९ मधील फ्रेंच अनुवादाला मोठा वाचकवर्ग लाभला आणि रंगमंचावर दोन नटांनी पत्रे वाचून दाखवण्याचे प्रयोग तेथे लोकप्रिय झाले.

कथानक :

मॅक्स आयझेनस्टाइन आणि मार्टिन शुल्से हे सॅन फ्रान्सिस्को येथील चित्रविक्रीच्या व्यवसायातील भागीदार आणि जिवलग मित्र आहेत. मॅक्स ज्यू आहे, मार्टिन ज्यू नाही. मार्टिन पत्नी व मुलांसह जर्मनीत परततो आणि म्युनिक येथे ऐश्वर्यात राहू लागतो. पत्रव्यवहार नोव्हेंबर १९३२ मध्ये सुरू होतो आणि मार्च १९३४ मध्ये संपतो. आरंभीच्या पत्रांत घरगुती गप्पा, धंद्यातील गमती आणि दुराव्याची हळहळ आहे. हिटलर सत्तेवर आल्यानंतर मार्टिनच्या पत्रांतील सूर पालटतो. प्रथम शंका, मग आशा, मग भक्ती आणि अखेरीस पत्रे थांबवण्याची सूचना, असा हा क्रम आहे.

मॅक्सची बहीण ग्रिझेल ही अभिनेत्री असून तिचे आणि मार्टिनचे पूर्वी प्रेमसंबंध होते. ती बर्लिनच्या रंगभूमीवर काम करण्यास जाते. तिला पाठवलेले मॅक्सचे पत्र शिक्का मारून परत येते, तेव्हा तो मार्टिनला तिचा शोध घेण्याची विनवणी करतो. मार्टिनचे उत्तर येते. पाठलाग होत असलेली ग्रिझेल त्याच्या दाराशी आली होती. त्याने तिला आश्रय नाकारला आणि ती मारली गेली. हे सर्व तो जणू एखादी गैरसोय कळवावी तशा भाषेत लिहितो.

यानंतर मॅक्स मार्टिनच्या घरच्या पत्त्यावर पत्रे पाठवू लागतो. त्यांत चित्रांची मापे आणि रंग, नातलगांच्या खबरा असा मजकूर असतो. सेन्सॉरला तो सांकेतिक वाटावा आणि मार्टिन स्वतः ज्यू असून गुप्त कारवायांत गुंतला आहे असा संशय यावा, अशी त्याची रचना आहे. मार्टिन भयभीत होऊन मैत्रीची आठवण देतो, दयेची याचना करतो. मॅक्स थांबत नाही. शेवटचे पत्र तोच शिक्का घेऊन परत येते.

पत्राचा तिसरा वाचक :

पत्राला लिहिणारा आणि स्वीकारणारा असे दोन वाचक असतात, असे आपण गृहीत धरतो. या कादंबरीत तिसरा वाचक आहे आणि तो म्हणजे सेन्सॉर. ही केवळ कल्पना नव्हे. राइखस्टागला आग लागल्यानंतर २८ फेब्रुवारी १९३३ रोजी काढलेल्या वटहुकमाने वायमार घटनेतील अनेक मूलभूत हक्क स्थगित झाले आणि त्यांत टपालाच्या गोपनीयतेचाही समावेश होता. त्यानंतरचे प्रत्येक पत्र कोणीतरी उघडून वाचेल या भीतीच्या छायेत लिहिले जाते. मार्टिनची घोषणाबाज वाक्ये खरी किती आणि त्या तिसऱ्या वाचकासाठी किती, हा प्रश्न म्हणूनच रास्त ठरतो. तथापि बँकेमार्फत सुरक्षितपणे पाठवलेल्या पत्रांतही तो तेच लिहितो, हे ध्यानात घेतल्यास भीतीची सबब पुरेशी ठरत नाही.

उत्तरार्धातील मॅक्सची पत्रे तर मुळी मार्टिनसाठी नाहीतच. पाकिटावर नाव त्याचे असले, तरी ती सेन्सॉरला उद्देशून लिहिलेली आहेत. जी पाळत मित्रामित्रांतील संवाद मारते, तीच मॅक्सच्या हातातील हत्यार बनते. येथे वाचकाचे स्थानही अडचणीचे होते, कारण दुसऱ्यांची खाजगी पत्रे आपणही वाचत असतो. सेन्सॉरला जे कळत नाही ते आपल्याला कळते आणि त्या कळण्यात आपल्याला समाधान वाटते. हे समाधान कशाचे आहे, हा प्रश्न कादंबरी विचारत नाही. तो वाचकांनी एकमेकांना विचारावा लागतो.

शीर्षकाविषयीही एक बाब नोंदवण्यासारखी आहे. इंग्रजी शीर्षकात पत्ता अज्ञात आहे. मूळ जर्मन शिक्क्याचा शब्दशः अर्थ मात्र ‘ज्याला पत्र लिहिले तो अज्ञात आहे’ असा होतो. घर जागेवर आहे, रस्ता जागेवर आहे. त्या घरातील माणूस मात्र नोंदीतून पुसला गेला आहे.

सहवाचनाचे स्वरूप :

महाविद्यालयीन वर्गात किंवा प्राध्यापकांच्या वाचनगटात ही कृती एका बैठकीत वाचता येते. त्यासाठी पुढील तीन टप्पे उपयुक्त ठरतील.

पहिला टप्पा प्रकट वाचनाचा आहे. दोन वाचकांनी दोन मित्रांची पत्रे वाचावीत आणि प्रत्येक पत्राची तारीख स्पष्टपणे उच्चारावी. त्या तारखांच्या शेजारी फळ्यावर १ एप्रिल १९३३ चा ज्यू दुकानांवरील बहिष्कार, ७ एप्रिलचा ज्यूंना सरकारी सेवेतून दूर करणारा कायदा आणि १० मेची ग्रंथहोळी या घटना लिहाव्यात. दोन पत्रांमधील मौनात काय चालले होते, ते यामुळे विद्यार्थ्यांना दिसू लागते.

दुसरा टप्पा थांबण्याचा आहे. ग्रिझेलच्या मृत्यूची वार्ता देणाऱ्या पत्रानंतर वाचन थांबवावे आणि मॅक्सने आता काय करावे, हे प्रत्येकाने चार ओळींत लिहावे. ही उत्तरे कथेचा शेवट ठाऊक होण्यापूर्वीच लिहिली गेली पाहिजेत.

तिसरा टप्पा चर्चेचा आहे. मार्टिनला शिक्षा कोणी केली? ज्या राजवटीने ग्रिझेलचा जीव घेतला, तिच्याच हातून मॅक्स ती करवतो. आणि ती करवण्यासाठी मार्टिनवर ज्यू असल्याचा संशय येणे पुरेसे असते. म्हणजे सूड यशस्वी होतो तो त्या राजवटीच्या द्वेषावर विसंबूनच. काहींना हा न्याय वाटेल, कारण दुसरे कोणतेही न्यायालय मॅक्सला उपलब्ध नव्हते. मार्टिनची निरपराध पत्नी व मुलेही त्याच घरात आहेत, याकडे काही जण लक्ष वेधतील. दोन्ही बाजूंना संहितेत आधार आहे. हा प्रश्न किती अवघड आहे, हे १९४४ च्या चित्रपटावरूनही दिसते. दिग्दर्शक विल्यम कॅमेरॉन मेन्झिस यांच्या या चित्रपटात ती पत्रे मॅक्सने नव्हे, तर मार्टिनच्या मुलाने पाठवल्याचे सूचित होते. नायक निर्दोष राहतो. पण कादंबरीने प्रेक्षकावर टाकला असता तो भार हलका होतो.

या चर्चेत अध्यापकाने निर्णय देण्याची घाई करू नये. मात्र एका मुद्द्याकडे त्याने लक्ष वेधणे अगत्याचे आहे. मार्टिनने स्वतःच्या हाताने कोणाला मारले नाही. त्याने दार लावून घेतले. त्याआधी त्याने मित्राची पत्रे नाकारली होती आणि त्याही आधी, अन्याय होत असला तरी राष्ट्राच्या उत्कर्षापुढे तो लहान आहे, अशी स्वतःची समजूत घातली होती. दार लागण्याची सुरुवात कोणत्या पत्रात झाली, हे गटाने मागे जाऊन शोधावे. वाचकांची बोटे वेगवेगळ्या तारखांवर थांबतील, आणि या मतभेदातूनच वाचन सखोल होत जाईल.

समारोप :

‘अ‍ॅड्रेस अननोन’ ही कृती इतिहासाची माहिती देणारे साधन म्हणून वाचल्यास तिचा अर्धाच उपयोग होतो. सत्तेपुढे मैत्री एकाएकी मोडत नाही, ती सोयीस्कर युक्तिवादांनी हळूहळू पोखरली जाते, हे तिच्या पूर्वार्धातून स्पष्ट होते. पीडित माणूसही पीडकाचे हत्यार उचलू शकतो, हे उत्तरार्धातून दिसते. एकटा वाचक मॅक्सचा विजय पाहून पुस्तक मिटू शकतो. शेजारी दुसरा वाचक असेल, तर तो विचारतो : तुला आनंद झाला तो नेमका कोणत्या ओळीवर? या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देण्याची सवय विद्यार्थ्यांना आणि आपल्यालाही लागावी, हेच अशा सहवाचनाचे प्रयोजन होय.