फोन विकला, सातबारा तिथेच राहिला!

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पेरणीचे दिवस होते. बाबा वावरात असताना त्यांना अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे एक तरुण पोरगा. म्हणाला, "काका, तुमचा सातबारा, बँकेचं पासबुक अन् पोरीच्या मार्कशीटा माझ्यापाशी हायेत. काय करू याचं?"

बाबांना वाटलं, झाला फ्रॉड सुरू. त्यांनी फोन कट केला. पोरानं परत लावला आणि या वेळी आमच्या वावराचा गट नंबर वाचून दाखवला. मग मात्र बाबांनी मला अमरावतीला होस्टेलवर फोन केला. पहिलंच वाक्य, "काय घोळ करून ठेवला वं?"

घोळ असा, की दीड महिन्यापूर्वी मी माझा जुना फोन अकोल्यातल्या एका दुकानात विकला होता. अठ्ठावीसशे रुपये मिळाले. देण्याआधी माझ्या मते मी सगळं केलं होतं. सिम काढलं, वर्षभरातले फोटो डिलीट केले, व्हॉट्सअ‍ॅप उडवलं. दुकानदार म्हणाला, "रिसेट मारून देतो ताई", आणि त्यानं तो मारलाही. पण फोनच्या पोटात मेमरी कार्ड तसंच होतं. पहिल्या वर्षाला 'स्टोरेज फुल'चा मेसेज यायला लागला, तेव्हा मीच जुनं सगळं कार्डावर हलवलं होतं आणि विसरून गेले होते. फोन रिसेट झाला, कार्डाला धक्काही लागला नाही. त्यातल्या स्कॉलरशिपच्या फॉर्मवर बाबांचा नंबर होता, म्हणून त्या पोराचा फोन आला.

फोन एकाचा, कागदं घरभराची

त्या रात्री मी आठवून आठवून यादी केली. दहावी-बारावीच्या मार्कशीटा, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, बाबांचं आधार, पासबुकाचं पहिलं पान, सातबारा, पीक विम्याची पावती, आजीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे रिपोर्ट. माझं स्वतःचं असं त्यात निम्मंही नव्हतं.

आपल्याकडे कॉलेजात जाणाऱ्या पोराच्या फोनवर अख्खं घर चालतं. महाडीबीटीचा फॉर्म आपण भरतो. ई-पीक पाहणी बाबांच्या नावानं आपण करतो. कापूस विकायचा तर 'कपास किसान' अ‍ॅपवर नोंदणीही आपणच करतो. शेजारच्या काकूंचं आधार प्रिंटसाठी आपल्याच व्हॉट्सअ‍ॅपवर येतं आणि तिथेच राहतं. म्हणजे आपला फोन हे एक छोटं सेतू केंद्रच असतं. फरक इतकाच, की सेतू केंद्र कोणी अठ्ठावीसशेला विकत नाही.

कागदांचं एकवेळ ठीक. माझ्या होस्टेलच्या मैत्रिणीनं हा किस्सा ऐकला तेव्हा तिनं एकच विचारलं, "त्यात माझे फोटो होते ना वं?" होते. गॅदरिंगच्या रात्री रूमवर काढलेले. वाईट काही नाही, पण घरच्यांना दाखवावेत असेही नाहीत. ते फोटो माझ्या फोनमध्ये ठेवायला तिनं होकार दिला होता. कोणा अनोळखी माणसापर्यंत जाऊ द्यायला दिला नव्हता. पुढचे दोन-तीन आठवडे ती माझ्याशी कामापुरतं बोलली, आणि तिचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

डिलीट केलं म्हणजे काय होतं?

समजा, तलाठ्याच्या दप्तरात एका वावरावरचं नाव खोडलं. म्हणून वावर गायब होतं का? ते जागेवरच असतं, फक्त कागदोपत्री 'मोकळं' होतं. मेमरी कार्डावर, पेन ड्राइव्हवर किंवा जुन्या हार्ड डिस्कवर फाइल डिलीट केली की नेमकं हेच घडतं. नोंद पुसली जाते, फाइल तिथेच पडून राहते. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ती परत काढता येते, आणि त्यासाठीची सॉफ्टवेअर फुकट मिळतात. साधा 'फॉरमॅट' केला तरी बहुतेक वेळा फक्त नोंदवही कोरी होते.

फोनच्या आतल्या मेमरीचं गणित वेगळं आहे, आणि तिथे बातमी बरी आहे. आजचे फोन डेटा कुलूपबंद करून ठेवतात, त्याला एन्क्रिप्शन म्हणतात. फॅक्टरी रिसेट केला की फोन त्या कुलपाची किल्लीच नष्ट करतो. डेटाचे तुकडे आत उरले तरी ते वाचता येत नाहीत. २०१९ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १० पासून नव्या फोनमध्ये हे सक्तीचं आहे. आयफोनमध्ये तर ही सोय २००९ च्या ३जीएस मॉडेलपासून आहे.

मग भानगड कुठे होते? तीन ठिकाणी. रिसेटच न करता फोन देणं, मेमरी कार्ड आत विसरणं, आणि कुलूप नसलेला खूप जुना फोन विकणं.

चार मशीन, हजारो कागद

जुन्या अँड्रॉइड फोनवर २०१५ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी प्रयोग केला. त्यांनी २१ सेकंडहँड फोन घेतले, रिसेट केले आणि आत काय उरतं ते पाहिलं. मेसेज, फोटो, कॉन्टॅक्ट असं बरंच काही निघालं. ८० टक्के फोनमधून गूगल खात्यात शिरता येईल अशी डिजिटल किल्लीही मिळाली. त्याच्या आदल्या वर्षी 'अवास्ट' या अँटिव्हायरस कंपनीनं ईबेवरून २० जुने फोन घेतले होते. त्यातून ४० हजारांहून जास्त फोटो परत काढता आले. हे सगळे फोन त्यांच्या मालकांनी 'साफ' करून विकले होते.

हे फक्त फोनचंच आहे असंही नाही. मोठ्या झेरॉक्स मशीनमध्ये हार्ड डिस्क असते, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? २०१० मध्ये अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीनं चार वापरलेली मशीन विकत घेतली. त्यातून पोलिसांच्या तपासाचे कागद निघाले आणि एका आरोग्य विमा कंपनीच्या रुग्णांचे रिपोर्टही. ते मशीन त्या कंपनीनं भाड्यानं घेतलं होतं आणि डिस्क न पुसता परत केलं होतं. तिला ३ लाख ४४ हजारांहून जास्त लोकांना कळवावं लागलं, की तुमची माहिती बाहेर गेलेली असू शकते. २०१३ मध्ये तिनं १२ लाख डॉलरवर रक्कम भरून प्रकरण मिटवलं.

रिपेअरिंगला देताना

फोन विकायचाच असतो असं नाही. स्क्रीन फुटली की आपण दुकानात फोन ठेवतो आणि कागदावर पॅटर्न काढून देऊन चहा प्यायला जातो. कॅनडातल्या गेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी मुद्दाम तयार केलेले लॅपटॉप १६ दुकानांत दुरुस्तीला टाकले होते. सहा ठिकाणी ग्राहकाच्या खासगी फाइल उघडल्या गेल्या आणि दोन ठिकाणी त्यांची कॉपीही झाली.

सगळे मेकॅनिक तसे नसतात. माझ्या ओळखीचे दादा गिऱ्हाईकासमोरच फोन उघडतात आणि पासवर्ड मागतच नाहीत. बॅटरी बदलायला पासवर्ड लागत नाही, हे आपल्यालाही माहीत असायला हवं. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये 'मेंटेनन्स मोड' आहे. तो चालू केला की फोन तपासता येतो, पण फोटो-मेसेज दिसत नाहीत. पिक्सेलमध्ये 'रिपेअर मोड' आहे.

टब-बादलीवाला फोन

'जुने मोबाइल द्या, टब-बादली घ्या' अशी हाळी आपल्या गल्लीत येते. बंद पडलेला डबडा फोन, काय करायचा, म्हणून आई तो देऊन टाकते. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या गडचिरोलीच्या पलीकडे, तेलंगणातल्या गोदावरीखणी इथे पोलिसांनी बिहारच्या तिघांना पकडलं. त्यांच्याकडे लोकांकडून स्वस्तात गोळा केलेले सुमारे ४ हजार जुने फोन होते. ते सायबर गुन्हेगारांना पुरवले जाणार होते, असं पोलिसांनी सांगितलं.

प्रत्येक फोनला १५ अंकी आयएमईआय नंबर असतो. त्या फोनवरून पुढे कोणाची फसवणूक झाली, तर तपासात जुन्या मालकाचं नाव पुढे येऊ शकतं. म्हणून कायमचा बंद पडलेला फोनही आधी कार्ड काढून, अधिकृत ई-कचरा केंद्रावर किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला द्यावा. आणि चालू फोन विकला तर तारीख आणि आयएमईआय लिहिलेली पावती जपून ठेवावी.

कायदा कुठपर्यंत?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. पण तो मुख्यतः आपला डेटा वापरणाऱ्या कंपन्या-संस्थांसाठी आहे. एखाद्यानं खासगी किंवा घरगुती कारणासाठी डेटा हाताळला तर तो लागू होत नाही. म्हणजे तुमचा जुना फोन घेणाऱ्यानं तुमची गॅलरी नुसती पाहत बसली, तर हा कायदा फारसा कामी येत नाही.

त्यानं पुढचं पाऊल टाकलं तर मात्र माहिती तंत्रज्ञान कायदा आहे. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख वापरून फसवणूक केली तर कलम ६६ सी. संमतीशिवाय कोणाचे अश्लील किंवा अत्यंत खासगी फोटो पसरवले तर कलम ६६ ई आणि त्यापुढची कलमं. ६६ सी आणि ६६ ई या दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० ला फोन करा. फोटोंवरून कोणी धमकावत असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा सायबर पोलिसांकडे तक्रार करा. अमरावतीत आणि अकोल्यातही सायबर पोलीस ठाणं आहे. घरी कळेल या भीतीनं गप्प बसू नका. धमकावणारा त्याच भीतीवर जगतो.

फोन देण्याआधीची पंधरा मिनिटं

१. मेमरी कार्ड आणि सिम आधी काढा. कार्ड फोनसोबत देऊच नका. दोनशे-तीनशे रुपयांच्या कार्डासाठी एवढी जोखीम कशाला?

२. हवे ते फोटो आणि कागद दुसरीकडे कॉपी करा. गूगल फोटोज चालू असताना एकेक फोटो डिलीट केला तर तो क्लाउडमधूनही जाऊ शकतो. फोन रिसेट केल्यानं क्लाउडमधलं काही जात नाही.

३. यूपीआय अ‍ॅपमधून डी-रजिस्टर व्हा, बँकेच्या अ‍ॅपमधून लॉगआउट करा.

४. गूगल खातं (आयफोन असेल तर अ‍ॅपल खातं) फोनमधून काढा. नाहीतर रिसेटनंतर फोन जुन्या खात्याचा पासवर्ड मागू शकतो. मग घेणाऱ्याचा फोन येतो, "ताई, पासवर्ड सांगा ना." पासवर्ड किंवा ओटीपी कोणालाही सांगू नका.

५. फोनला स्क्रीन लॉक आहे ना, ते पाहा आणि सेटिंगमधून फॅक्टरी रिसेट स्वतः करा. 'दुकानदार करेल' यावर सोडू नका. ऑनलाइन घेतलेला फोन चार दिवसांत परत करतानाही हेच करा.

६. लॅपटॉप असेल तर विंडोजच्या रिसेटमध्ये 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडा आणि पुढे 'क्लीन डेटा' चालू करा. वेळ लागतो, लागू द्या.

७. स्वतः सेकंडहँड फोन घेत असाल तर *#०६# डायल करून आयएमईआय पाहा आणि संचार साथीवर तपासा, फोन चोरीचा तर नाही ना.

आणि घेतलेल्या फोनमध्ये कोणाचं काही सापडलं, तर? त्या पोरानं केलं तेच करा. ग्रुपवर टाकू नका, हसण्यावारी नेऊ नका, मालकाला कळवा.

तो पोरगा मूर्तिजापूरकडचाच निघाला. बाबा स्टँडवर जाऊन त्याला भेटले, चहा पाजला आणि कार्ड घेऊन आले. त्यानं सांगितलं, मी काई कॉपी नाई केलं काका. बाबांनी विश्वास ठेवला, मीही ठेवला. पण खरं सांगू, ठेवण्यावाचून दुसरा पर्यायच नव्हता. एकदा वस्तू हातातून गेली की पुढचं सगळं समोरच्याच्या चांगुलपणावर असतं, आणि प्रत्येक वेळी असाच पोरगा भेटेल याची हमी कोणी देत नाही. मैत्रिणीला मी हेच सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, काही बोलली नाही.

मागच्या महिन्यात बाबांनी त्यांचा फोन बदलला. जुना द्यायला निघाले तेव्हा दारातूनच परत फिरले आणि तो माझ्या हातात देऊन म्हणाले, "आधी कार्ड काढ. मंग बाकीचं."