टेन्शन येतं, की घेतलं जातं?

हिंगणघाटच्या बाजारात कापसाचा भाव पडला की शेतकरी ‘चिंता वाटते’ असं म्हणत नाही, ‘टेन्शन आलं’ म्हणतो. शाळेचं तोंड न पाहिलेली देवळी-आर्वीकडची आजीही लेकाला ‘टेन्शन नोको घेऊ’ असंच सांगते. मूड, बोर, टेन्शन, डिप्रेशन हे मनाची अवस्था सांगणारे इंग्रजी शब्द वर्धा जिल्ह्यात आता कोणी पाहुणे मानत नाही. ‘बीपी’ही त्यातलाच. ‘माझा बीपी वाढवू नको’ या वाक्यात रक्तदाब थोडा आणि राग फार असतो.

मात्र हे शब्द मराठीत आले ते इथलं व्याकरण पत्करून. आपल्याकडे राग येतो, भूक लागते, आठवण येते. अवस्था माणसाकडे येते, माणूस तिचा कर्ता नसतो. टेन्शनही तसंच ‘येतं’, ताप येतो तसं. पण तेच टेन्शन आपण ‘घेतो’सुद्धा, आणि घोळ इथेच आहे. आलेल्या टेन्शनात माणसाचा दोष नसतो. घेतलेलं टेन्शन मात्र त्याचाच उद्योग ठरतो. ‘घेऊ नको’ म्हणणाऱ्याचा हेतू धीर देण्याचा असतो, पण ऐकणाऱ्याला पुढे बोलायला जागाच उरत नाही. मग तो ‘नाही, काही नाही’ म्हणून उठतो.

‘स्ट्रेस’ या शब्दाचं मूळ तर मनात नव्हतंच. तो यंत्रशास्त्रातला, धातूवर पडणाऱ्या दाबाचा शब्द. माँट्रियलचे संशोधक हान्स सेल्ये यांनी 1936 साली ‘नेचर’मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांबद्दल छोटंसं टिपण छापलं आणि पुढे या कल्पनेला ‘स्ट्रेस’ हे नाव रूढ केलं. आपलं इंग्रजी बरं असतं तर ‘स्ट्रेन’ शब्द निवडला असता, असं त्यांनी नंतर कबूल केलं. म्हणजे जगभर ज्या शब्दानं माणसं आपलं दुखणं सांगतात, तो नाव ठेवणाऱ्यालाच पुरता पसंत नव्हता.

डॉक्टरांच्या हाती शब्दांऐवजी आकडे असतात. नैराश्य मोजणारी पीएचक्यू-9 ही प्रश्नावली 2001 पासून जगभर वापरली जाते. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला का, मन खिन्न होतं का, झोप, थकवा, भूक, स्वतःला कमी लेखणं, लक्ष न लागणं, हालचाल मंदावणं किंवा अस्वस्थपणा, आणि शेवटी मरणाचे वा स्वतःला इजा करण्याचे विचार असे नऊ प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, बेरीज जास्तीत जास्त 27. दहा किंवा त्याहून जास्त झाली की नीट तपासणी हवी. कागदावर हे सुटसुटीत दिसतं. पण ओट्यावर बसलेली बाई ‘खिन्न’ म्हणत नाही. तिचं उत्तर असतं, ‘जीव घाबरते’, ‘हातपाय गळून राह्यले’, ‘काहीच गोड नाही लागत’. दुखणं मनाचं असलं तरी ती ते शरीराच्या नावानं सांगते. प्रश्न विचारणाऱ्याला हे उत्तर कोणत्या रकान्यात बसवायचं ते कळायला हवं, नाहीतर ती ‘कमजोरी’ची गोळी घेऊन घरी जाते.

आफ्रिकेत मात्र लोकांच्याच शब्दापासून सुरुवात झाली. झिंबाब्वेत शोना भाषेतला ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे फार विचार करत बसणं, हा शब्द हाताशी धरून डॉक्टरांनी लोकांना बोलतं केलं. उत्तर भारतातल्या स्त्रियांच्या ‘टेन्शन’वर अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ लेस्ली जो वीव्हर यांचा अभ्यास 2017 साली आला. पण अभ्यासापेक्षा मला आपल्या शेजारचा दाखला मोठा वाटतो. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ हा कार्यक्रम झाला. त्यात गावातल्याच माणसांना शिकवून लोकांशी बोलायला लावलं. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी जेमतेम 4.3 टक्के लोक उपचारापर्यंत पोहोचत होते. दीड वर्षानंतर हेच प्रमाण 27.2 टक्के झालं. बोलण्याची वाट मोकळी झाली, असं मी समजतो.

शेतकरी आत्महत्यांचा डाग लागलेल्या ज्या 14 जिल्ह्यांत राज्य सरकारनं 2015 साली ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, त्यांत वर्धाही आहे. आशाताईंनी घरोघर जाऊन खचलेली माणसं ओळखायची, पुढे समुपदेशनाला पाठवायची, ही त्याची रचना. त्यांना ‘टेन्शन’ हाच शब्द कामाला येतो. ‘डिप्रेशन’ म्हटलं की घरातले दचकतात, ‘मेंटल’ तर शिवीच झाली आहे. टेन्शन कोणालाही येऊ शकतं, म्हणून त्यात लाज नाही. पण या शब्दाचं पोट फार मोठं आहे. पोरीच्या बारावीचं टेन्शन आणि सावकाराच्या तगाद्यानं रात्रभर डोळा न लागणं, दोन्ही त्यात सामावतात. तिथेच थांबलं तर दुसरं दुखणं पहिल्याच्या आड लपतं.

एका शब्दानं माणसाचं नशीब बदलल्याचं उदाहरण कायद्यात सापडतं. भारतीय दंड संहितेच्या कलम 309 नुसार आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू झाला. त्याच्या कलम 115 नं असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ‘स्ट्रेस’खाली होता असं गृहीत धरायला सांगितलं. उलट काही सिद्ध झालं नाही तर त्याच्यावर खटला नाही, आणि उपचार व पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. ज्याच्यामागे पोलीस लागायचे, त्याला एका इंग्रजी शब्दानं रुग्ण केलं. 1 जुलै 2024 पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते जुनं सरसकट कलमच नाही.

तेव्हा घरातलं कोणी ‘टेन्शन आलं’ म्हणालं, तर ‘घेऊ नको’ म्हणू नका. ‘कशाचं आलं, कधीपासून, झोप लागते का?’ असं विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका. तेवढ्यानं भागत नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा फोन चोवीस तास सुरू असतो, पैसे लागत नाहीत आणि तिथे मराठीत बोलता येतं.