पंखा नेमका कुठे थांबतो?

मिठबावच्या किनाऱ्यावर होडीच्या इंजिनाचा पंखा दांड्यावर कुठल्याही कोनात बसवला तरी चालतो. छोट्या विमानाचं तसं नाही. दोन पात्यांचा पंखा सारख्या अंतरावरच्या सहा बोल्टांनी बसत असेल, तर 60-60 अंशांवर जागा मिळतात तीनच. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना पिस्टन हवेच्या दाबाला अडतो. तेव्हा समोरून पाहता पाती घड्याळातल्या 10 आणि 4 च्या रेषेत यावीत, अशी रूढ पद्धत आहे. पंखा हाताने फिरवणाऱ्याला वरचं पातं सोयीचं पडतं. चुकीच्या जागी थरथर वाढू शकते, म्हणून निर्मात्याची पुस्तिका डावलू नयेच. पंखा लाकडी असेल तर दमट हवेत लाकूड फुगतं, कोरड्या हवेत आकसतं; बोल्टांचा ताण पुन्हापुन्हा तपासावा लागतो.