हात बसला, मेनू उठला

आमच्या डीटीपीच्या धंद्यात मेनू कोणी वाचत नाही. डोळे प्रूफावर, कान फोनवरच्या संपादकाकडे आणि हात आपले आपण चाललेले. सेव्ह कुठे आहे असं विचाराल तर मला सांगता येणार नाही. माउस हातात द्या, दाखवते. म्हणून ऐन दिवाळी अंकांच्या घाईत एका सॉफ्टवेअरने (नाव घेत नाही, पोट त्याच्यावर आहे) अपडेटच्या निमित्ताने वरची फाइल-एडिटची ओळच काढून टाकली, तेव्हा माझा वेग नवशिक्या पोरीइतका झाला. ओळीच्या जागी तीन आडव्या रेघा आल्या आणि शब्दांच्या जागी राखाडी चित्रं. एक्स्पोर्टचं चित्र कुठलं हे कळायला प्रत्येकावर माउस नेऊन थांबायचं. वर स्वागताची पाटी : आता काम अधिक सोपं!

‘तुम्हाला नवीन शिकायला नको’ असा आरोप आमच्यावर नेहमी होतो. साफ खोटा. पेजमेकर सोडून इनडिझाइनवर आलोच की. युनिकोड आला, तोही शिकलो. तिथे कष्टाच्या बदल्यात काही हाती लागलं. नुसती जागा हलवून काय मिळतं?

सगळ्या प्रोग्रॅममध्ये एक गोष्ट एकाच ठिकाणी सापडते, ही आपोआप झालेली सोय नाही. डॉसच्या काळात जो तो आपापल्या कळा ठरवायचा. वर्डपरफेक्टमध्ये मदत एफ3 वर होती. सवयीने एफ1 दाबलं की चालू आज्ञा रद्द! 1987 मध्ये आयबीएमने ‘कॉमन यूजर ॲक्सेस’ नावाची नियमावली काढली. मदतीला एफ1, खिडकी बंद करायला ऑल्ट-एफ4, हे त्यातलंच. झेड-एक्स-सी-व्ही ही खालच्या ओळीतली चौकडी ॲपलकडून आली. कट-कॉपी-पेस्टचं श्रेय लॅरी टेस्लर यांना देतात. ते 2020 मध्ये गेले. त्यांचं नाव न ऐकलेले ऑपरेटर दिवसभर त्याच कळा बडवत असतात.

जागेलाही शास्त्र आहे. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्ये दाखवलं, की लक्ष्य जितकं लहान आणि लांब, तितका तिथे हात पोचायला वेळ जास्त. संगणकात याला एक गमतीची पुरवणी आहे : पडद्याचा कोपरा. माउस कितीही जोरात ढकला, बाण कोपऱ्यापलीकडे जातच नाही. न बघता नेम लागतो. विंडोजचं स्टार्ट बटण वर्षानुवर्षं डाव्या कोपऱ्यात होतं. विंडोज 11 ने ते मधल्या घोळक्यात आणून बसवलं. आता जसजसे प्रोग्रॅम उघडाल, तसतसं ते डावीकडे सरकतं. सरकत्या बटणावर हात कसा बसायचा?

त्याआधी 2012 च्या विंडोज 8 मध्ये ते बटणच काढलं होतं. इतकी ओरड झाली, की पुढच्याच वर्षी 8.1 मध्ये बटण परत आलं. खराखुरा मेनू यायला मात्र 2015 चं विंडोज 10 उजाडावं लागलं. लिनक्सवाले हट्टी. 2011 मध्ये ग्नोम 3 या लिनक्सच्या डेस्कटॉपने खिडक्यांवरची मिनिमाइझ-मॅक्सिमाइझची बटणं काढली आणि सगळा ढंगच पालटला, तेव्हा नाराज मंडळींनी जुन्या ग्नोमचा कोड घेऊन ‘माटे’ नावाचा वेगळा संसार थाटला. तो अजून चालू आहे.

बसलेल्या हाताला हलवू नये, हे शहाणपण मराठी टायपिंगमध्ये फार आधी आलं. टाइपरायटरच्या रेमिंग्टन मांडणीवर हात बसलेली माणसं संगणकावर आली, तेव्हा सरकारी प्रमाण कळफलक इनस्क्रिप्ट होता, तर्कशुद्ध आणि नवख्याला सोपा. तरीही सी-डॅकच्या आयएसएम या सॉफ्टवेअरमध्ये काय, श्रीलिपीत काय, रेमिंग्टनची मांडणी ठेवलेली होतीच. ज्याला जे येतं ते त्याने निवडावं. एवढं साधं औचित्य जगातल्या बलाढ्य कंपन्यांना झेपत नाही, याला मी उद्धटपणाच म्हणेन.

त्यांना ते झेपेपर्यंत आपल्या हातात आहे तेवढं करा. विंडोज 11 असेल तर टास्कबारवर राइट क्लिक करून टास्कबार सेटिंग्जमध्ये जा आणि अलाइनमेंट ‘लेफ्ट’ करा. स्टार्ट कोपऱ्यात परत येतं. आणि राइट क्लिकचा नवा मेनू अर्धवट वाटला, तर शिफ्ट धरून राइट क्लिक करा. जुना, पूर्ण मेनू उघडतो.